दुधाची वाटी आणि विरोळ्याचे पिलू

किहीमला आमच्या वाडीत दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायची सोय नव्हती. 'जनावर' म्हणायचे, फारच निकड असली तर 'लांबडे'. नाव घेतले की तो येतो, अशी आजीची पक्की समजूत होती. त्यामुळे १९६३ च्या श्रावणात मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वीतभर लांबीचे एक जनावर घालून ओटीवर आणले, तेव्हा आजीने प्रथम कपाळाला हात लावला. मग नागपंचमी दोन दिवसांवर आली आहे हे ध्यानात येऊन तिने तेच हात जोडले.

ते पिलू विरोळ्याचे होते. कुणी त्याला पाणदिवड म्हणतात. अंगावर काळ्या चौकड्या, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा, स्वभाव तापट. चावतो, पण विषारी नाही. भाताची खाचरे, तळी, विहिरी हे त्याचे घर. आम्हां मुलांना हे सारे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की त्याला खायला काय घालायचे.

घरात त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. नागपंचमीला आजीने हळदीच्या पानांत पातोळ्या उकडल्या, पाटावर गंधाने नाग काढला, त्याला दूध-लाह्या वाहिल्या आणि उरलेल्या दुधाची एक लहानशी वाटी माझ्या बरणीत उतरवली. पिलाने तिला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या बोळ्याने दूध त्याच्या तोंडात पिळले. नंतर रोजच पिळू लागलो. तेराव्या दिवशी सकाळी ते बरणीच्या तळाशी उलटे पडलेले होते, आणि बरणीला नासक्या दुधाचा वास येत होता.

खेकडे विकायला येणारी एक कातकरीण त्या दिवशी ओटीवर बसली होती. तिने बरणीकडे पाहिले आणि हसून म्हणाली, "बाला, दूद काय त्याच्या आयशीनं पाजलं व्हतं काय? बेडकाची पोरां द्यायची व्हती." आजीला ते आवडले नाही. मला मात्र त्या वाक्याने जन्माचे कामाला लावले. सापाच्या आईला दूध नसते, ही गोष्ट इतकी उघड असताना शहाण्यासुरत्या माणसांनी शतकानुशतके त्याच्यापुढे वाटी का ठेवली असेल?

खरे तर आपल्या पूर्वजांनी सापाच्या खाण्याविषयी दोन अगदी वेगळ्या कल्पना करून ठेवल्या होत्या. संस्कृतात सापाला 'पवनाशन' म्हणतात, म्हणजे वारा खाऊन राहणारा. महिनोन्महिने काही न खाता जगणारे हे जनावर पाहून कुणी तरी तसा तर्क केला असेल, आणि तो तर्क निरीक्षणावर उभा आहे हे नाकारता येणार नाही. दुसरी कल्पना दुधाची. सापाला दूध पाजले तर विषच वाढते, असे सुभाषितकार बजावतो आणि मराठी माणूस 'सापाला दूध पाजणे' हा वाक्प्रचार रोज वापरतो. पण दोघेही साप दूध पितो हे गृहीतच धरून चालतात. भविष्यपुराणात तर नागिणीच्या बाळंतपणाचे सविस्तर वर्णन आहे. ती दोनशे चाळीस अंडी घालते, त्यांतली बहुतेक स्वतःच खाऊन टाकते आणि थोडीच वाचतात, असे तिथे सांगितले आहे. आकडा फुगवलेला आहे. नागीण साधारण बारा ते तीस अंडी घालते. सुश्रुताने मात्र कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे वर्ग पाडले आहेत, म्हणजे फण्याचे, मंडलांचे आणि रेघांचे. ती वैद्याची नजर आहे. पण वैद्याला दंशाशी कर्तव्य असते. पिलाच्या पोटाशी त्याचा संबंध येत नाही.

दुधाची समजूत इतकी टिकली याचे श्रेय माझ्या मते गारुड्याला द्यावे लागेल. नागपंचमी जवळ आली की नाग पकडायचे, त्यांचे दात पाडायचे आणि टोपलीत उपाशी, त्याहून महत्त्वाचे म्हणजे तहानलेले ठेवायचे. सणाच्या दिवशी असा नाग समोर येईल तो द्रव पिणार. ते पाणी नसून दूध आहे याला तो काय करील? पाहणाऱ्याला मात्र साक्षात प्रत्यय येतो: साप दूध प्याला! सापाचे रक्त थंड, हालचाल थोडी. पोटात काही नसले तरी मोठा साप कित्येक आठवडे, कधी काही महिनेही तग धरतो. तेवढ्या मुदतीत गारुडी चार गावे फिरून येतो आणि प्रत्येक गावी हा नाग दुधावरच जगतो अशी खात्री पटवतो. नाग मरतो तो रानात किंवा टोपलीत, ज्यांनी दूध पाजले त्यांच्या डोळ्यांआड. दूध त्याला पचत नाही, श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसे बिघडतात, आणि दात पाडलेल्या तोंडात जखमा चिघळतात. उपासमारच अशा रीतीने पोषणाचा पुरावा होऊन बसली. पिलू तसा पुरावा देत नाही, कारण त्याच्याजवळ शिल्लक थोडी असते. माझ्या बरणीने तेरा दिवसांत जे सांगितले ते गारुड्याच्या टोपलीने हजार वर्षांत सांगितले नाही.

सगळीकडे असेच होते असे मात्र म्हणता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पूजण्याची चाल गोरक्षनाथांपर्यंत नेली जाते. तिथली माणसे नाग धरण्यात तरबेज होती आणि सण झाल्यावर ते पुन्हा रानात सोडण्याचा त्यांचा दंडक होता. पण मिरवणुका, खेळ आणि गर्दी वाढली. शेवटी २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांचे ते खेळ बंद करावे लागले. शिराळकरांची तक्रार मी ऐकली आहे आणि ती अगदीच पोकळ नाही: ज्यांनी नागाला देव मानून सोडून दिले त्यांनाही गारुड्यांच्याच पंक्तीला बसवले. पण टोपलीतल्या नागाला देवभक्ती आणि धंदा यांतला फरक कळत असेल असे मला वाटत नाही.

साहेबाने हा प्रश्न वेगळ्या टोकाने हाती घेतला. त्याला सापाला खाऊ घालायचे नव्हते. मोजायचे आणि मारायचे होते. १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावले, तेव्हा आठ-दहा दिवसांत लाखाहून अधिक फुरशी सरकारजमा झाली. दगड उलटायचा आणि पैसे मोजून घ्यायचे, असा तो उद्योग. १८७२ साली जोसेफ फेअरर यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा भला थोरला सचित्र ग्रंथ निघाला. चित्रे इतकी देखणी, की साप कागदावरून उतरतील असे वाटते. पण त्या सगळ्या उद्योगाचा रोख विषावर. साप काय खातो याची चौकशी ज्याला त्याची भीती वाटते तो सहसा करीत नाही. आणि भीतीला कारण होते, आजही आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. दिवेलागणीनंतर नाव न घेणाऱ्या आजीला हसण्यापूर्वी हा आकडा लक्षात ठेवावा.

मुंबईत १८८३ च्या सप्टेंबरात आठ माणसांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. प्रार्थना समाजाच्या इतिहासात जे नाव येते तेच हे आत्माराम पांडुरंग. पुढल्याच वर्षी संस्थेला फोर्ब्स स्ट्रीटवर जागा मिळाली ती फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या दुकानात. साप टिकवायला मद्यार्क लागतो, तेव्हा जागेची निवड सोयीचीच म्हणायची. इलाखाभरातून अधिकारी, डॉक्टर, शिकारी नमुने पाठवीत आणि ते बाटल्यांतून फळ्यांवर चढत. फिप्सन यांनी स्वतः मुंबई इलाख्यातल्या विषारी सापांवर लेख लिहिला.

या बाटल्यांतूनच पहिले खरे उत्तर आले. फ्रँक वॉल हे लष्करी वैद्यकीय नोकरीतले डॉक्टर. जन्म सिलोनचा. जिथे बदली होईल तिथे ते मेलेले साप गोळा करीत. माणसे साप मारून टाकीत, वॉल त्यांची पोटे फाडून आत काय आहे ते टिपून ठेवीत. १९०५ ते १९१९ या काळात सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांची भारतातल्या सामान्य सापांवरची लेखमाला आली. तीत प्रत्येक जातीची लांबी, अंडी किंवा पिले किती, ती केव्हा जन्मतात, किती वाढतात आणि पोटात काय सापडले, याची नोंद आहे. बेडूक, बेडूकमासे, मासळी, पाली, सरडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी, दुसरे साप. दुधाचा मागमूस नाही. मला ही लेखमाला पुढे कॉलेजात असताना वाचायला मिळाली. विरोळ्याच्या भागावर नजर गेली तेव्हा मनात पहिल्यांदा ती खेकडेवाली उभी राहिली. तिने एका वाक्यात सांगितले होते ते वॉल यांनी शेकडो पोटे फाडून मिळवले. मात्र त्यांनी ते लिहून ठेवले, आणि तिचे लिहून घ्यायला आमच्या गावात कुणी नव्हते.

तरीही मेलेल्या सापाच्या पोटातून जे कळते त्याला मर्यादा असते. साप काय खातो हे कळले, पण पिलू कसे खाते, केव्हा नाकारते, काय केले असता जगते, हे जिवंत पिलाजवळ बसल्याखेरीज कळत नाही. पॅरिसच्या जार्दँ दे प्लांतमध्ये १८४१ साली एक अजगरीण अंड्यांभोवती वेटोळे घालून बसली होती. व्हॅलेंसिएन नावाच्या शास्त्रज्ञाने आठवडेच्या आठवडे तिच्या वेटोळ्यात थर्मामीटर ठेवून पाहिला, तेव्हा ती आसपासच्या हवेपेक्षा बरीच ऊबदार असल्याचे दिसले. मादी अजगर स्नायू आखडून-सोडून स्वतः ऊब तयार करते आणि अंडी उबवते. शीत रक्ताच्या जनावराला आईपण असते, हे युरोपाने आपल्या देशातल्या एका सापाकडून शिकले. ते शिकायला त्या माणसाने एवढेच केले, की तो तिथे बसून राहिला.

बसून राहण्याची ही विद्या आमच्या किहीमला आली ती १९३० साली, आणि तीही पक्ष्यांच्या निमित्ताने. जर्मनीतून शिकून परतलेल्या सलीम अलींची मुंबईच्या म्युझियममधली नोकरी पैशाअभावी गेली होती. कुटुंबाचे किहीमला घर होते, तिथे ते राहायला आले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा बांधून ते पावसाळ्याचे दिवस त्या खोप्यांसमोर बसले. सुगरण हे नाव बाईचे, पण खोपा विणतो तो नर. तो एक खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तर ताबा घेते. मग नर तो पुरा करून दुसऱ्या खोप्याला आणि दुसऱ्या मादीच्या आशेला लागतो. १९३१ साली हे निरीक्षण सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आले आणि किहीमचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांना कळले. आम्हांला, किहीमकरांना, ते फार उशिरा कळले. सुगरणीचे खोपे पाण्यावर लोंबतात यामागे सापाची भीती हे एक कारण मानतात, म्हणजे त्या आडोशातूनही साप अगदीच वगळलेला नव्हता.

सलीम अलींच्या नात्यातलीच झाई फतेहअली. १९७४ साली तिने रोम्युलस व्हिटेकर यांच्याशी लग्न केले आणि पुढे १९८९ साली इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. न्यूयॉर्कला जन्मलेला हा मुलगा १९५१ साली, आठ वर्षांचा असताना मुंबईला आला. त्याचे सावत्र वडील रामा चट्टोपाध्याय, म्हणजे कमलादेवी चट्टोपाध्यायांचे चिरंजीव. कोडाइकॅनॉलच्या शाळेत या पोराने अजगर पाळला होता. मला त्याचा हेवा वाटतो: त्याला वेळीच कळले की अजगराला दूध लागत नाही. अमेरिकेत मायामीच्या सर्पालयात बिल हास्ट यांच्या हाताखाली काम करून तो परतला आणि त्याने मद्रासला सर्पोद्यान काढले. पण त्याची खरी करामत दुसरीच. इरुळ ही तमिळनाडूतली साप धरणारी जमात. कातड्यांचा व्यापार बंद पडल्यावर त्यांची उपासमार सुरू झाली. व्हिटेकर यांच्या मदतीने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली: साप धरायचा, काही आठवडे सांभाळायचा, विष काढायचे, पुन्हा सोडायचा. ते विष सर्पदंशावरच्या लशीला जाते. बिळाच्या तोंडावरच्या खुणेवरून आत कोण आहे हे सांगणाऱ्या माणसाच्या ज्ञानाला इथे पगार मिळाला. आमच्या कातकऱ्यांना बिळातल्या उंदरांची आणि ओढ्यातल्या जिवांची अशीच जाण आहे. त्यांच्यासाठी असे कुणी काही केले नाही.

मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत लशीसाठी साप बाळगले जात. तिथल्या डॉ. पु. ज. देवरसांचे भारतातल्या सापांवरचे पुस्तक १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढले. माझ्या हाती ते दोन वर्षे आधी पडले असते तर एक जीव वाचला असता. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत काढले. त्या वेळी मला तो नुसता विक्रमाचा हव्यास वाटला होता. पण १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले आणि शाळेतल्या पोरांच्या रांगा लागल्या, तेव्हा माझे मत बदलले. आज गावोगाव जे सर्पमित्र आहेत त्यांतल्या कित्येकांनी पहिला साप तिथल्याच काचेमागे पाहिला.

माझ्या दुसऱ्या पिलाची हकीकत राहिली. १९६४ च्या पावसात मला पुन्हा विरोळ्याचे पिलू मिळाले, आणि या वेळी मी त्या कातकरणीचे ऐकायचे ठरवले. बरणीऐवजी लाकडी खोके घेतले, वर जाळी ठोकली, एका कोपऱ्यात पाण्याची पसरट थाळी, दुसऱ्या कोपऱ्यात कौलाचा तुकडा, लपायला. खोके चुलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवले. ते केवळ जागा नव्हती म्हणून. ऊब नसेल तर सापाला अन्न पचत नाही, ते पोटातच कुजते आणि तो उलटून टाकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. चुलीने माझी लाज राखली. खाचरातले बेडूकमासे थाळीत सोडले. पहिले चार दिवस पिलाने त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही आणि मी पुन्हा हवालदिल झालो. पुढे वाचनात आले की अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटात बलकाची थोडी शिदोरी असते. पहिली कात टाकेपर्यंत ते बहुधा तिच्यावरच राहते. त्याचे डोळे निळसर-दुधी झाले, मी ते आंधळे झाले असे समजून रडलो. दोन-तीन दिवसांनी डोळे निवळले, कौलाशी एक पातळ पारदर्शक कात पडलेली होती, आणि थाळीतला एक बेडूकमासा कमी झाला होता.

नंतर मी ते प्रत्यक्ष पाहिले. पिलू चावत नाही, तोडत नाही. सापाच्या खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीशी एकजीव नसतात, लवचिक बंधाने जोडलेली असतात. एक बाजू पुढे, मग दुसरी, असे करीत तो भक्ष्यावर जणू चालत जातो. बेडूकमासा जाड असला की पिलू थकून सोडून देई. त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढाच घास त्याला झेपतो, हा हिशेब मी चुकत-माकत शिकलो. तीन-चार दिवसांनी एकदा पोटभर पुरे. पोट फुगलेले असताना हाताळले तर ते खाल्लेले टाकी, म्हणून हाताळणे सोडले. आणि पाणी मात्र ते रोज पिई, तोंड बुडवून, शांतपणे. ते पाहून आजी म्हणाली, "म्हणजे पितो तर खरा!" तिच्या दुधाची बाजू तिने तेवढी राखली.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्याकडचे साप आता परवानगीवाचून धरता येत नाहीत, पाळताही येत नाहीत. आज कुणा मुलाने मी केले ते केले तर तो गुन्हा होईल. ज्या पोराच्या बरणीत पिलू मेले त्याला हा कायदा कडक वाटू नये. पण ज्याच्या खोक्यात ते जगले त्याला कधी कधी वाटतो, एवढे कबूल करतो. पिलू अंगणात निघाले तर सर्पमित्राला बोलवावे. तो ते जवळच्याच पाण्यापाशी सोडील, आणि खायचे काय ते त्याचे ते पाहील.

माझे पिलू मी दिवाळीआधी सोडले, कारण भात कापणीला आले होते, खाचरे आटली होती आणि बेडूकमाशांचे बेडूक होऊन ते निघून गेले होते. ते तेव्हा हातभर झाले होते. देवळामागच्या तळ्यावर मी खोके आडवे केले. जाताना त्याने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. घरी आल्यावर आजीने जखमेवर हळद दाबली आणि विचारले, "आता ती बरणी तरी परत दे." मी गेल्या वर्षीची लोणच्याची बरणी घासून-पुसून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उलटसुलट पाहिली, हुंगली, आणि त्या दिवसापासून तिच्यात खिळे ठेवायला सुरुवात केली.